एका गाठीची हकीकत

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ह्या व्यासपीठावर आजवर जे वक्ते उभे राहिले ते आपापल्या विषयातले अधिकारी होते. माझे तसे नाही. मी सोलापूरच्या कॉलेजातून मराठी हा विषय घेऊन बी. ए. झालो, स्टेनोग्राफर म्हणून केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो, आणि खात्याच्या परीक्षा देत देत आज ज्या खुर्चीवर आहे तेथे पोचलो. शरीरशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या आकृत्यांपुरता. तेव्हा ‘मज्जारज्जूतील गाठी : निदान व शस्त्रक्रिया’ असा विषय कार्यवाहांनी फलकावर लिहिला, तो पाहून मीच दचकलो. त्यांना मी एवढेच म्हटले होते की, आमच्या घरात जे झाले ते सांगेन. त्यांनी त्याला नाव दिले. सरकारी नोकरीत मीही अनेक साध्या गोष्टींना अशी नावे दिली आहेत, म्हणून तक्रार करीत नाही.

हकीकत माझ्या पत्नीची आहे. ती समोरच तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि तिच्या परवानगीने मी बोलतो आहे. परवानगी देताना तिने एक अट घातली. ती कोणती, हे शेवटी येईल.

२०२१ ची दिवाळी. आम्ही मल्लेश्वरमला आठव्या क्रॉसवर पणत्या आणि फराळाचे जिन्नस घ्यायला गेलो होतो. गर्दी आपणांस ठाऊकच आहे. वीसपंचवीस पावले गेल्यावर मागून एका फुलवालीने हाक मारली, ‘अम्मा, चप्पली!’ पाहतो तर हिच्या डाव्या पायातली चप्पल मागेच राहिलेली, आणि हिला त्याचा पत्ता नाही. आम्ही हसलो. घरी येऊन मुलीलाही ती गंमत सांगितली. नंतर तीच गंमत महिन्यातून दोनदा, मग आठवड्यातून दोनदा होऊ लागली.

पुढे एकेक गोष्ट सुरू झाली. आंघोळीचे पाणी डाव्या पायावर कढत लागते, उजव्यावर कोमट. जिना चढताना पाय उचलावे लागतात, आपण होऊन उचलले जात नाहीत. उंबऱ्यापाशी रांगोळी काढायला बसले तर उठताना दाराची चौकट धरावी लागते. रात्री दिवा न लावता उठले तर भिंत चाचपत जावे लागते. आणि पाठीत, दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये जरा खाली, एक बारीकसे दुखणे. त्याला ती दुखणे म्हणतच नसे, ‘तिथे काहीतरी आहे’ म्हणे. शब्द अगदी बरोबर होता. तिथे काहीतरी होतेच.

आता माझ्या कामगिरीकडे येतो. घराबाहेर हिची भाषा मराठी आणि कामापुरती कानडी. इंग्रजी समजते, पण आजाराविषयी बोलायला ते अपुरे पडते. साहजिकच दवाखान्यात डॉक्टरांपुढे मी बोलत असे. ती मराठीत सांगे, मी इंग्रजीत मांडे. ती म्हणे, ‘जमिनीवर चालतेय असं वाटतच नाही, कापसाच्या गादीवर चालल्यासारखं वाटतं.’ मी सांगे, अशक्तपणा आहे. ती म्हणे, ‘परकराची नाडी कुणीतरी वर, बरगड्यांवर नेऊन करकचून बांधलीय असं वाटतं.’ आता ही नाडी परक्या पुरुषासमोर कशी सांगावी ह्या संकोचाने म्हणा, किंवा ते मला फारसे महत्त्वाचे वाटले नाही म्हणून म्हणा, मी सांगितले, गॅसेसचाही त्रास आहे. ह्या सगळ्याचा मथळा मी एकच देत असे : पाठदुखी. इंग्रजीत दोन शब्द, कानडीतही दोनच, ‘बेन्नु नोवु’. डॉक्टर समाधानाने मान हलवीत आणि पाठदुखीचे औषध लिहून देत.

एक गृहस्थ म्हणाले, करोनानंतरचा अशक्तपणा. दुसऱ्यांनी शाकाहारी म्हणून बी-ट्वेल्व्हची इंजेक्शने दिली. तिसऱ्यांनी एम. आर. आय. काढायला सांगितले, पण कमरेचा. त्यांत चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी सरकलेली निघाली. झाले! कारण सापडले. कमरेला ओढ देणे, शेक, पट्टा, व्यायाम, असे पुढचे सहा महिने गेले. मिरजेहून सासूबाईंनी तेल पाठविले, तेही लावले. पाय मात्र अधिकाधिक ताठ होत गेले. ह्यात मी कोणाचेही नाव घेत नाही आणि घेणारही नाही. पन्नाशी उलटलेल्या शंभर माणसांच्या कमरेचे चित्र काढले तर त्यांतल्या बहुतेकांची एखादी गादी झिजलेली वा सरकलेली दिसते. बऱ्याच जणांना त्याचा काही त्रासही नसतो. जे दिसले ते खरे होते. आजाराचे कारण मात्र ते नव्हते, आणि ते वर कुठेतरी शोधायला हवे, अशी शंका यावी असे एकही वाक्य मी डॉक्टरांच्या कानांवर पडू दिले नव्हते.

येथे थोडी आकृती डोळ्यांसमोर आणावी लागेल. आपला मज्जारज्जू मेंदूपासून निघतो आणि कण्याच्या पोकळीतून खाली येतो. जाडी साधारण करंगळीएवढी, लांबी हाताएवढीही नाही, दीड फुटाच्या आतबाहेर. तो कमरेपर्यंत पोचतच नाही. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्याखाली असतात त्या नुसत्या शिरांच्या जुड्या. म्हणजे पायाकडे जाणारी सगळी तार छातीमागच्या मणक्यांतून गेलेली असते. तार तिथे दबली तरी दिवा मंद होतो तो पायात. आमच्या कार्यालयात एका मजल्यावरचे दिवे गेले की शिपाई त्याच मजल्यावरचे बटण खालीवर करीत बसतो; फ्यूज जिन्याखालच्या पेटीत असतो. आम्ही कमरेचे बटण सहा महिने खालीवर करीत होतो.

ही तार तीन आवरणांत गुंडाळलेली असते. बाहेरचे आवरण चिवट, मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे तलम, आतले रज्जूला चिकटलेले, आणि मधल्या व आतल्या आवरणांच्या दरम्यान पाण्यासारखा द्रव. गाठी तीन ठिकाणी होतात. बाहेरच्या आवरणाच्याही बाहेर, हाडांतून वगैरे. ह्यांत इतर ठिकाणच्या कर्करोगाच्या गाठी बऱ्याच असतात. आवरणाच्या आत पण रज्जूच्या बाहेर. ह्या बहुतेक कर्करोगाच्या नसतात. आणि खुद्द रज्जूच्या गाभ्यात. ह्या काढायला सर्वांत अवघड. मधल्या प्रकारात दोन गाठी मुख्य : शिरेच्या वेष्टनातून वाढणारी श्वानोमा आणि आवरणातून वाढणारी मेनिंजिओमा. ही दुसरी पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक, बहुधा चाळिशी-पन्नाशीनंतर, आणि बहुतेक वेळा छातीमागच्या मणक्यांत. हे सारे मी नंतर वाचले. वाचताना असे वाटले की कोणीतरी हिचाच पत्ता लिहून ठेवला होता आणि आम्ही दुसऱ्याच गल्लीत फिरत होतो.

अशा गाठी विरळाच. कण्यातल्या सर्व प्राथमिक गाठी मिळून वर्षाला लाख माणसांमागे सुमारे एक असे प्रमाण सांगतात. पाठ दुखणारी माणसे मात्र लाखात लाख. त्यातून आपल्या देशात रज्जूवर दाब आला की डॉक्टरांच्या मनात आधी येतो तो मणक्याचा क्षय, आणि तसा तो यायलाच हवा, कारण तो गाठीपेक्षा पुष्कळच अधिक आढळतो. तेव्हा डॉक्टराने प्रत्येक पाठदुखीत गाठ शोधावी असे माझे म्हणणे नाही. तसे केले तर अर्धे बंगळूर एम. आर. आय.च्या नळीत झोपवावे लागेल.

पुढची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांच्या समक्ष घडली. २०२२ चा मंडळाचा गणेशोत्सव, दुसऱ्या दिवशीची संध्याकाळची आरती. नेहमीप्रमाणे हिने हात जोडले, डोळे मिटले, आणि उभ्या जागी डोलू लागली. भक्तिभावाने डोलते आहे असे मागच्यांना वाटले. दोन क्षणांत ती कोसळली. कोणी पाणी आणले, कोणी उपासाने चक्कर आली म्हणाले. चक्कर आली नव्हती. ती पूर्ण शुद्धीत होती आणि पडल्यापडल्या म्हणत होती, ‘डोळे मिटले की पाय सापडत नाहीत.’

बर्लिनच्या रोम्बेर्ग नावाच्या वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही खूण लिहून ठेवली आहे. पाय कुठे आहेत ह्याची वर्दी मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूकडे जाते. ती वाट अडली की माणूस डोळ्यांच्या आधारावर उभा राहतो. डोळे मिटले की आधार जातो. तोंड धुताना तोल जाणे, अंधारात भिंत धरावी लागणे, ही सारी त्याचीच रूपे. दहा महिने ती हे सांगत होती.

त्या गर्दीत मंडळाच्या एका सभासदांची भाची होती. धारवाडकडची, मज्जाविकारांचे शिक्षण घेणारी तरुण डॉक्टर. तिने गणपतीसमोरच हिला खुर्चीवर बसविले आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वरिष्ठांकडे यायला सांगितले. मी नेहमीप्रमाणे फाईल घेऊन पुढे झालो व सुरुवात केली, ‘पाठदुखी, गेले दहा महिने...’ तेव्हा ती मुलगी म्हणाली, ‘काका, तुम्ही जरा थांबा. काकू, तुम्हीच सांगा. मराठीतच सांगा, मला समजतं. आमच्या आजीच्या घरी मराठीच बोलतात.’

आणि मग मी दहा महिन्यांत प्रथमच माझ्या पत्नीचे दुखणे सलग ऐकले. कापसाची गादी आली, कढत-कोमट पाणी आले, उंबऱ्याची चौकट आली, आणि ती नाडीही आली. नाडीचे नाव निघताच त्या मुलीने लिहिता हात थांबविला. विचारले, ‘कुठे बांधल्यासारखी? बोटानं दाखवा.’ हिने बरगड्यांखाली दोन्ही बाजूंनी बोट फिरवून रेघ दाखविली. डॉक्टरीणबाईंनी एक टाचणी घेतली आणि पावलापासून हलके टोचत वर वर येऊ लागल्या. ‘टोचतंय?’ ‘बोथट.’ ‘आता?’ ‘बोथट.’ मांडी झाली, पोट झाले, बेंबी झाली. बरगड्यांच्या काठाशी ही एकदम म्हणाली, ‘आता टोचलं!’ हिने बोटाने आखलेली रेघ आणि टाचणीने शोधलेली रेघ ह्यांत दोन बोटांचेही अंतर नव्हते.

मग कानाशी वाजवतात तसला चिमटा वाजवून घोट्यावर टेकविला. त्याची थरथर हिला कळली नाही. गुडघ्यावर हातोडी मारताच पाय नको तेवढा उडाला. शेवटी किल्लीच्या टोकाने तळपायावर टाचेपासून पुढे रेघ ओढली. आपला अंगठा अशा वेळी खाली वळतो. हिचा वर गेला. पॅरिसच्या बाबिन्स्की ह्या वैद्याने १८९६ साली ही खूण जगासमोर मांडली आणि आजही मज्जारज्जूवर वा मेंदूवर घाला आहे की नाही हे ओळखण्यास ती वापरतात. सरकलेल्या कमरेच्या गादीने अंगठा वर जात नाही. म्हणजे कमर निर्दोष सुटली. त्या दिवशी रात्री संपूर्ण कण्याचा एम. आर. आय. झाला, शिरेतून औषध देऊन. सातव्या छातीमागच्या मणक्याच्या पातळीवर एक पांढरी शुभ्र गाठ होती, सोललेल्या बदामाएवढी. तिने रज्जूला एका बाजूस रेटून फितीसारखे चपटे केले होते.

बदामाचा उल्लेख मी मुद्दाम केला. पुढे उत्सुकतेने वाचताना मला ह्या गाठीचा एक पूर्वज भेटला. लंडनचे एक कॅप्टन गिल्बी. १८८४ पासून त्यांच्या पाठीत, खांद्याच्या पात्याखाली दुखू लागले. तीन वर्षे त्यांनी डॉक्टर केले, निरनिराळी निदाने घेतली. १८८७ च्या जूनमध्ये दोन्ही पाय पुरते लुळे पडलेल्या अवस्थेत ते विल्यम गॉवर्स ह्यांच्यापुढे आले. तेव्हा क्ष-किरणांचाही शोध लागला नव्हता. गॉवर्स ह्यांनी विचारपूस केली, संवेदना कोठपर्यंत आहे ते तपासले, आणि गाठ कोणत्या मणक्यांशी असली पाहिजे ते सांगून व्हिक्टर हॉर्स्ली ह्या तीस वर्षांच्या शल्यविशारदास बोलाविले. ९ जून रोजी क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयात हॉर्स्ली ह्यांनी कणा उघडला. सांगितलेल्या जागी काही दिसेना. आणखी वरच्या मणक्याची कमान काढली, तेव्हा बदामाच्या आकाराची गाठ रज्जूला दाबून बसलेली दिसली. ती काढली. वर्षभरात कॅप्टनसाहेब चालूफिरू लागले आणि दिवसाकाठी सोळा तास काम करू लागले. आवरणाच्या आतली मज्जारज्जूची गाठ निदान करून यशस्वीपणे काढल्याची ही पहिली नोंद समजली जाते.

पण मला ह्या कथेतले सर्वांत लागले ते वेगळेच. हे गॉवर्स लघुलेखनाचे विलक्षण भोक्ते होते! रुग्णांच्या टिपणांसाठी ते पिटमनची लिपी वापरीत, प्रत्येक डॉक्टराने ती शिकावी असा त्यांचा हट्ट असे, आणि १८९४ मध्ये त्यांनी लघुलेखन करणाऱ्या डॉक्टरांची एक संस्थाच काढली. बंधुभगिनींनो, मी मिनिटास ऐंशी शब्दांची परीक्षा उत्तीर्ण झालेला स्टेनोग्राफर आहे. साहेबांच्या तोंडचे ‘अँ’ आणि ‘हं’सुद्धा मी कधी गाळले नाहीत. आणि घरातल्या माणसाची एक नाडी मी गाळली.

निदानाच्या साधनांविषयी थोडे सांगून पुढे जातो. १९२१ साली पॅरिसमध्ये सिकार आणि फोरेस्टिए ह्यांनी कण्याच्या पोकळीत तेलकट औषध सोडून क्ष-किरणांनी चित्र घेण्याची युक्ती काढली. रुग्णाला टेबलासकट तिरपे करीत. औषधाचा ओघळ जेथे अडे तेथे अडथळा. पन्नाससाठ वर्षे बहुतेक ह्याच मार्गाने काम चालले. ऐंशीच्या दशकात एम. आर. आय. आला आणि कण्याला न टोचता आतले दिसू लागले. आपल्या देशात मज्जाशल्यशास्त्राचा पहिला विभाग १९४९ मध्ये डॉ. जेकब चांडी ह्यांनी वेल्लोरला उघडला. पाठोपाठ मद्रासला डॉ. राममूर्ती, मुंबईला डॉ. राम गिंडे अशी मंडळी उभी राहिली. आपल्या बंगळुरात होसूर रस्त्यावर निम्हान्स आहे. पूर्वीचे म्हैसूर संस्थानाचे मनोरुग्णालय आणि १९५४ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय संस्था ह्यांच्या एकीकरणातून ती १९७४ च्या डिसेंबरात उभी राहिली, आणि तिचे पहिले संचालक डॉ. आर. एम. वर्मा हे स्वतः मज्जाशल्यविशारद होते. येथे नव्याने राहायला आलेल्या आपल्या लोकांना ती केवळ वेड्यांची संस्था वाटते, म्हणून सांगितले. आमची शस्त्रक्रिया मात्र शहरात कोठे झाली ते मी सांगणार नाही. एकाचे नाव घेतले की व्याख्यानाची जाहिरात होते.

डॉक्टरांनी चित्र दाखवून सांगितले की गाठ बहुधा बेनाइन आहे. मी घरी आणि गावी फोन करून त्याचा अनुवाद कळविला : ‘साधी गाठ आहे.’ पुन्हा माझा अनुवाद! साधी म्हणताच सगळीकडून एकच सल्ला येऊ लागला : साधी आहे ना, मग कण्याला हात लावू देऊ नका, कण्याचे ऑपरेशन म्हणजे माणूस कायमचा अंथरुणाला. दंडावर किंवा पाठीच्या कातडीखाली साधी गाठ झाली तर ती बाहेर वाढते, जन्मभर बाळगली तरी चालते. कण्याची पोकळी ही हाडांची खोली. तिच्या भिंती हलत नाहीत. पाहुणा कितीही सभ्य असला, कोणाला चावत नसला, दुसऱ्या घरी जात नसला, तरी तो जाडा होत गेला की यजमानाला भिंतीशी चेंगरणारच. शिवाय इतक्या सावकाश की यजमान वर्षानुवर्षे सरकून जागा करून देतो, आणि सरकायला जागा उरली नाही म्हणजे थोड्या आठवड्यांत पाय जातात. आमचा आरतीचा दिवस त्या शेवटच्या आठवड्यांतला होता. साधी हा शब्द मी मागे घेतला. त्याऐवजी सासूबाईंना सांगितले, ‘कॅन्सर नाही, पण काढल्यावाचून गत्यंतर नाही.’ लांबलचक आहे, पण बरोबर आहे.

शस्त्रक्रियेतले धोके डॉक्टरांनी लपविले नाहीत. पाय अधिक कमजोर होऊ शकतात, लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, द्रव झिरपू शकतो, जंतुदोष होऊ शकतो. हिने सगळे ऐकून एकच विचारले, ‘जिना चढता येईल का?’ डॉक्टर म्हणाले, ‘आज जेवढा चढता, तेवढा राखणे हे माझे काम. त्याहून अधिक मिळाले तर ते तुमच्या शरीराचे देणे.’ असा हिशेबी माणूस मला आवडतो. मी सही केली.

सप्टेंबरच्या अखेरीस एके सकाळी साडेआठला हिला आत नेले. रक्तपेढीत आपल्या मंडळाचे तीन तरुण रात्रीच रक्त देऊन गेले होते. आत काय केले ते मला नंतर समजले. रुग्णास पालथे निजवितात. छातीमागचे मणके सारे एकसारखे दिसतात, म्हणून क्ष-किरणांखाली खालून वर मणके मोजून नेमकी जागा पक्की करतात. हॉर्स्ली ह्यांची अडचण आजही संपलेली नाही, फक्त ती कातडी कापण्याच्या आधी सोडवितात. मग मणक्याची मागची कमान काढायची. सूक्ष्मदर्शकाखाली बाहेरचे चिवट आवरण चिरून धाग्यांनी दोन्हीकडे ओढून धरायचे. गाठ समोर येते, पण ती धरून ओढायची नाही. ओढली तर रज्जूही हलतो, आणि त्याला धक्का सहन होत नाही. ध्वनिलहरींनी गाठीचा गर फोडून शोषून घेणारे एक उपकरण असते. त्याने गाठ आतून पोकळ करीत न्यायची, आणि मग तिची साल रज्जूपासून दूर, स्वतःच्याच पोकळीत वळवून घ्यायची. फणसातला गर आधी काढून मग साल दुमडावी तसे. ती आवरणाला जेथे चिकटलेली असते तो भाग शेवटी विजेने जाळतात किंवा कापून काढतात, नाहीतर पुन्हा तेथूनच वाढू शकते. हे सर्व होत असता पायांकडून मेंदूकडे आणि मेंदूकडून पायांकडे संदेश जातात की नाही ह्याची नोंद एक यंत्र घेत असते. संदेश क्षीण झाला की शल्यविशारद हात थांबवितो. शेवटी आवरण पाणी झिरपणार नाही असे शिवायचे.

बाहेर मी उपाहारगृहात बसून पाच कॉफ्या घेतल्या. त्या साडेचार तासांविषयी अधिक बोलण्यासारखे काही नाही.

संध्याकाळी अतिदक्षता विभागात मला दोन मिनिटे सोडले. परिचारिका हिला म्हणत होती, ‘अम्मा, कालु अल्लाडिसि.’ मी पाहिले. उजवे पाऊल हलले, मग थोड्या वेळाने डावे. ही अर्धवट गुंगीत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘नाडी सुटली.’ परिचारिकेने मला विचारले, काय म्हणतात? आणि मी त्या मुलीला, मोडक्यातोडक्या कानडीत, परकर, नाडी, बरगड्या असे सगळे, एकही शब्द न गाळता सांगितले. ती हसली. तिला काय समजले असेल कोण जाणे. संकोच मात्र मला वाटला नाही.

दसरा रुग्णालयातच झाला. तपासणीचा अहवाल आला : मेनिंजिओमा, सर्वांत सौम्य, पहिल्या श्रेणीचा. आपणांपैकी कोणी चमत्काराची अपेक्षा करीत असाल तर सांगतो की तिसऱ्या दिवशी ती उठून चालू लागली नाही. आधी पलंगाच्या कडेवर बसणे, मग चौकटीचा आधार घेऊन चार पावले, मग काठी. व्यायामशिक्षिका आठवड्यातून तीनदा येई. काठी सुटायला पाच महिने लागले. दहा महिने चेंगरलेली तार एका सकाळी सरळ होत नाही. आणि तिच्यातले काही धागे कायमचे गेले ते गेलेच. डाव्या पायाची तीन बोटे आजही बोथट आहेत. म्हणून ती मागे पट्टा असलेली सँडल वापरते आणि आंघोळीचे पाणी आधी हाताने पाहते. जिना चढते, कठडा धरून. आरतीला येते, डोळे उघडे ठेवून. ते दहा महिने सहा असते तर ती तीन बोटे वाचली असती का, असे मी डॉक्टरांना एकदा विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही, खांद्यावर हात ठेवला. सरकारी पत्रव्यवहारात उत्तर न येणे म्हणजे काय ते मला समजते.

वर्षातून एकदा पुन्हा चित्र काढावे लागते, कारण ही गाठ क्वचित अनेक वर्षांनीही परतू शकते. आता मी वही घेऊन जातो. महिनाभर ती जे म्हणते ते तारखेसह, तिच्याच शब्दांत, लघुलिपीत टिपून ठेवतो. ‘बोटांत वाळू भरल्यासारखी’ असे गेल्या श्रावणातले एक टिपण आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद मी केलेला नाही.

आता ती अट. हिने सांगितले होते, व्याख्यानात सगळे सांगा, पण गेल्या तपासणीचे सांगितल्याशिवाय खाली बसू नका. तर ऐका. मागच्या खेपेस आम्ही वर्षाच्या तपासणीला गेलो. नवीन डॉक्टर होते, तरुण, म्हैसूरकडचे, मराठीचा गंध नसलेले. त्यांनी इंग्रजीत विचारले, काय त्रास आहे? मी वही उघडली, चष्मा लावला, घसा साफ केला. तेवढ्यात शेजारून आवाज आला, ‘तुम्ही थांबा.’ आणि आपल्या कामचलाऊ भाजीबाजारी कानडीत, हातांनी दाखवीत, मधूनमधून मराठी शब्द घालीत, हिने त्या मुलाला सगळे सांगितले. त्याने सगळे लिहून घेतले. मला त्याने फक्त एकच प्रश्न विचारला, तोही बाहेर पडताना. गाडी कोठे लावली आहे, तेथवर चालवेल ना त्यांना?

हिने परस्पर उत्तर दिले, ‘नडितीनि.’ चालेन मी.